जोर आणि लगबग

“कोंबडी दाणं टिपतीया तसा नुसता टुकटुक करतोय,” राजाक्का म्हणाली. “जोर चढवा की बाई जरा.”

टेबलावर तिचा उजवा हात पालथा पडला होता आणि मनगटापुढचा पंजा कडेवरून खाली लोंबत होता. कोपराखाली ओल्या कापडात गुंडाळलेल्या दोन धातूच्या पट्ट्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या तारा माझ्यासमोरच्या यंत्रात गेल्या होत्या. विजेचा एक ठोका गेला की पंजा जरासा वर उडायचा आणि लगेच पडायचा. मी जोर मुळीच चढवला नाही. दुसरी चकती फिरवून ठोके जवळजवळ आणले. पंजा पुरता पडायच्या आत पुढचा ठोका येऊ लागला, तसा तो अर्ध्यावरच थरथरायला लागला. ठोके आणखी जवळ आणले आणि थरथर विरून गेली. हात सावकाश वर आला, सरळ झाला आणि तिथंच राहिला.

राजाक्का वाकून त्या हाताकडे बघू लागली. मागच्या बाकावर तिचा नवरा, आप्पा कासार, छत्री मांडीवर घेऊन बसलेला असे. तो उभा राहिला आणि परत खाली बसला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. मी नुकतीच पुण्याहून फिजिओथेरपी शिकून तासगावच्या एका लहानशा दवाखान्यात लागले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी खात्री होती. राजाक्का आसपासच्या वस्त्यांवर बांगड्या भरायची. एस्टीतून उतरताना पाय सटकला आणि तिच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड सांधलं, प्लॅस्टर निघालं, पण मनगट उचलेना. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली येते, ती त्या दणक्यात चेपली होती.

“म्हंजे झाला का बरा?” तिनं वर आलेल्या हाताकडे बघत विचारलं.

मी यंत्र बंद केलं. हात परत लोंबला. तिचा चेहरा त्या हाताबरोबरच खाली आला. मग मी समजावलं, की नस तुटलेली नाही, दंडापाशी फक्त वाट अडली आहे. खालची नस जिवंत आहे, म्हणून तर विजेच्या इतक्या हलक्या हाकेला ओ देते. वाट आपोआप मोकळी होईल. दोन-तीन महिने लागतील.

“मोहित्यांच्या वैजूचा लग्नाचा चुडा पुढल्या बुधवारी हाय,” ती म्हणाली.

मग तिनं मला जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. तिकडे कासारांनी गावं आणि घरं वाटून घेतलेली असत. एका घरच्या बांगड्या एकाच कासाराच्या हातच्या, सासूच्या, सुनेच्या, नातीच्या. त्यात लग्नाचा चुडा सगळ्यात मोठा मान. तो एकदा दुसऱ्यानं भरला की घर त्याचं झालं. मोहित्यांची वस्ती राजाक्काच्या सासूपासून त्यांच्याकडे होती. वैजयंता मोहितेच्या मनगटात पहिल्या काळ्या बांगड्या राजाक्कानंच चढवल्या होत्या, बारशाला. आता राजाक्काची जाऊ, जी शेजारच्या गावात हाच धंदा करायची, तिनं बोलायला सुरुवात केली होती की पडक्या हातानं भरलेला चुडा नवरीला लाभत नाही. मोहित्यांकडून अजून बोलावणं आलं नव्हतं आणि नकोही कळवलेलं नव्हतं.

“त्यांना खरं सांगा,” मी म्हटलं. “हात बरा होणार आहे म्हणावं.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. लोंबता हात एकदा नवरीपुढं दिसला की संपलं.” तिनं यंत्राकडे बोट केलं. “ह्यो डबा बॅटरीवर चालतो न्हवं?”

मी नाही म्हटलं. दवाखान्याचं यंत्र असं लग्नघरी नेत नसतात, असंही म्हटलं. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली, “हात बरा हुईल म्हणताय, हुईल वो. पर तवर माझ्या हातात हात कोण दील?”

मी यंत्र उचलून त्याचं वजन पाहिलं. पुण्यात हे शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. यंत्राला दोन चकत्या होत्या. त्यांची इंग्रजी नावं मी तिला सांगितली, तिनं ती ऐकलीही नाहीत. एकीला ती ‘जोर’ म्हणू लागली आणि दुसरीला ‘लगबग’. आधी जोराचा अंदाज घेतला. अगदी कमी ठेवला तर नुसत्या मुंग्या येत. थोडा वाढवला की मनगटाचं एखादंच टोक हले. आणखी वाढवला की स्नायूतले आणखी तंतू कामाला लागत आणि सबंध पंजा उठे. त्यापुढे कितीही वाढवला तरी हात जास्त उचलत नसे, फक्त दुखे आणि बोटं फाकत. फाकलेल्या बोटांनी बांगडी धरता येत नाही. म्हणून मी पट्ट्या इंच-इंच सरकवत अशी जागा शोधली, की मनगट उठेल पण बोटं तिची तिला मोकळी राहतील. तिथं जांभळ्या शाईनं खूण केली. ती खूण मिटू नये म्हणून बाईनं हात धुणंच सोडलं, तेव्हा मला तिला रागवावं लागलं.

जोर वाढवायची तिची खोड मात्र जाईना. आयुष्यभर पाटी डोक्यावर घेऊन उन्हातून चालणारी बाई, तिला कमी जोराचं काही पटतच नसे. एकदा मी वैतागून सांगितलं, की नसेतून जो निरोप जातो तो लहान-मोठा नसतोच. सगळे निरोप एकाच मापाचे. हात किती उठायचा हे किती नसा बोलतात आणि किती लागोपाठ बोलतात यावर ठरतं. एकच निरोप आरडून सांगायची सोय शरीरात नाही.

राजाक्कानं मान डोलावली. “आमची सासू अशीच हुती. कवा आवाज चढवला न्हाई बया. बारीक सुरात पर दिवसभर. सगळं घर ताठ उभं असायचं.”

आप्पा मागं बाकावर खुदकन हसला. आपली आई होती हे त्याच्या नंतर लक्षात आलं असावं, कारण लगेच तो छत्रीचं बटण तपासू लागला.

आणखी एक गोष्ट मी तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितली. हात थोडा वेळ उचलून धरला की तेवढाच वेळ यंत्र बंद करून विसावा द्यायचा. विजेनं उठवलेला स्नायू लवकर दमतो. दमल्यावर जोर वाढवणं म्हणजे बसलेल्या बैलाला झोडपणं. तो एकदा धडपडून उठेल, पुन्हा उठणार नाही. राजाक्का “व्हय व्हय” म्हणाली. आप्पानं मात्र दोनदा विचारून घेतलं, किती चालवायचं आणि किती थांबायचं.

मंगळवारी मोहित्यांकडून सांगावा आला की उद्या सकाळी या. बुधवारी मी डोक्यावर पदर घेऊन, दवाखान्यात रजा सांगून, राजाक्काच्या मागोमाग वस्तीवर गेले. मी तिच्या माहेरची, मिरजेची भाची, धंदा शिकायला आलेली, असं ठरलं होतं. यंत्र बांगड्यांच्या पाटीत पेंढ्याखाली होतं. कोपराखाली क्रेपची पट्टी गुंडाळलेली, त्यात तारा, त्यावर पदर. हाड मोडलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतंच, तेव्हा पट्टीचं नवल कुणाला वाटणार नव्हतं. राजाक्का “पेंढा नीट कर” म्हणाली की चालू, “राहू दे” म्हणाली की बंद. मी दोनदा पेंढ्यात हात घालून यंत्र चाचपलं. ती मात्र सोप्यात शिरताच बायकांची अशी चेष्टा करायला लागली की जणू काल रात्रीच इथून जेवून गेली होती.

वैजू घोंगडीवर बसली होती. हळदीच्या आधीची मुलगी, केस ओले, चेहरा झोप न झालेला. तिची आई शालनवहिनी उंबऱ्याशी उभी होती आणि आठ-दहा बायका भोवती बसल्या होत्या. राजाक्का नवरीसमोर मांडी घालून बसली. मी पाटीच्या आड.

“पेंढा नीट कर गं.”

मी चकती फिरवली. पदराच्या सावलीत तिचा पंजा सावकाश उठला आणि सरळ झाला. तिनं त्या हातानं वैजूचा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत पंजा चिंचोळा केला आणि डाव्या हातानं हिरवी बांगडी वर सारली. पहिली बसली. दुसरी बसली. “राहू दे.” हात मांडीवर उतरला, आणि तेवढ्या वेळात तिनं वैजूच्या सासरची एक-दोन उणीदुणी काढून बायकांना हसवलं. पुन्हा “पेंढा नीट कर.” मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. सगळा विषय पुस्तकात वाचला होता, पण तो असा बांगडीगणिक खरा होताना मी कधी पाहिला नव्हता.

त्या आनंदातच घात झाला. एक बांगडी घट्ट होती, पोरीच्या हाडाशी अडून बसली. राजाक्का “राहू दे” म्हणायची विसरली आणि मीही बंद करायची विसरले. हात हळूहळू खचायला लागला. मी काय करावं? जे आठवडाभर तिला करू नको म्हणत होते तेच मी केलं, जोर वाढवला. पंजा ताडकन वर उडाला, बोटं फाकली आणि बांगडी वैजूच्या मनगटावरच तडकली.

चुड्याची बांगडी तडकणं म्हणजे काय ते त्या सोप्यातल्या शांततेवरून मला कळलं. तुकडे राजाक्कानं डाव्या हातानं वेचायला घेतले, आणि मला वाटलं, झालं, हिचं घर गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं.

“वाढली एक, वाढू दे,” उंबऱ्यातून शालनवहिनी म्हणाली. “जास्तीची लागतीच. उठा गं, चहा घ्या आधी. दूध उतू जाईल.”

सगळ्या बायका उठल्या. राजाक्काच्या हाताला पुरता विसावा मिळाला. मी देवाचे आभार मानले आणि जोर पहिल्या जागी आणून ठेवला.

त्यानंतर आमचं नशीब फारच चांगलं निघालं. हात जरा खचायला लागला की कुणी तरी म्हणे, थांबा, शालू दाखवायचा राहिला. सगळ्या शालू बघायला लागत. पुन्हा चार बांगड्या झाल्या की मोहित्यांच्या घरातल्या दोघी जावांचं हिरव्या रंगावरून वाजे, एकीला तो पोपटी वाटे आणि दुसरीला शेवाळी, आणि त्यांचं मिटेपर्यंत यंत्र बंद. मध्येच एका म्हातारीला खोकल्याची उबळ आली, ती पाणी पिऊन झाल्यावरच थांबली. मग पुन्हा चहा. लग्नघरातला गोंधळ असा आमच्या पथ्यावर पडताना बघून मला मनातून हसू येत होतं. इतक्या बायका आणि एकीलाही काही कळत नाही, असं वाटत होतं.

डावा हात भरून झाला. उजवा निम्म्याच्या वर आला. आणि मग हात उठेना. मी यंत्र बंद ठेवलं, वाट पाहिली, पुन्हा लावलं. पंजा थोडासा थरथरला आणि खाली गेला. सकाळपासूनचं काम, स्नायू पार दमून गेला होता. राजाक्कानं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे मी पहिल्यांदाच घाबरलेले पाहिले. जोर वाढव असं ते डोळे सांगत होते आणि मी मानेनं नाही म्हणत होते. चार-पाच बांगड्या राहिल्या होत्या.

तेव्हा वैजूनं आपला भरलेला डावा हात पुढं केला, राजाक्काच्या लोंबत्या मनगटाखाली तळवा धरला आणि तो वर उचलला. बांगड्या किणकिणल्या.

“यंत्राला दम खाऊ द्या आक्का,” ती हळूच म्हणाली. “आईला आता चहा करवंना झालाय.”

शालूवाली, रंगावरून भांडणाऱ्या दोघी, खोकणारी म्हातारी, सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. राजाक्का एकेकीकडे बघत राहिली.

“कुणी सांगितलं?”

“आप्पांनी,” शालनवहिनी पुढं आली. “परवा सायकल मारीत आलं. म्हणलं, माझं नाव घेऊ नका, पर थोडं चाललं की थांबावं लागतंया, तेवढं सांभाळून घ्या. उंबऱ्यात उभं राहून पाणीबी पिलं न्हाईत.”

राजाक्काला राग आला. तो मला दिसला, मानेपासून वर चढत गेला. आठवडाभर तिनं जीव टाकून जे झाकलं होतं ते सगळ्यांना उघडंच दिसत होतं आणि सगळ्या तिचं मन राखत बसल्या होत्या. तिच्यासारख्या बाईला हे बांगडी तडकण्यापेक्षा जड गेलं असेल. तिनं मनगट वैजूच्या तळव्यातून काढून घेतलं, दातांनी क्रेपच्या पट्टीची गाठ सोडली आणि पदर मागं टाकला. तारा, ओली कापडं, जांभळी खूण, सगळं उजेडात आलं. मग डाव्या हातानं पाटीतलं यंत्र काढून तिनं घोंगडीवर ठेवलं.

“हे असं हाय,” ती म्हणाली. “नीट बघून घ्या. ह्यो हात माझा उठत न्हाई, ह्यो डबा उठिवतो. दोन-तीन म्हयन्यांनी उठंल म्हणती ही बाई, न उठला तर मला म्हाईत न्हाई. पडक्या हाताचा चुडा चालत नसंल तर आत्ता तोंडावर सांगा. मी भरलेल्या उतरवीत न्हाई, पर पाटी उचलून जाती. मागनं बोलू नका.”

उत्तर द्यायचं होतं ते वैजूनं, कारण चुडा तिचा होता. तिनं पुन्हा तळवा पुढं केला आणि राजाक्काच्या मनगटाची वाट बघत तसाच धरून ठेवला. बराच वेळ धरला. नवरीच्या हाताला रग लागली असेल, पण तिनं तो खाली घेतला नाही. शेवटी राजाक्कानं मनगट त्यावर ठेवलं. उरलेल्या बांगड्या दोघींनी मिळून भरल्या, एकीच्या हातानं दुसरीचा हात उचलून. या वेळी एकही तडकली नाही.

चुडा पुरा झाला. वैजू वाकून पाया पडली. राजाक्कानं तो लोंबता हात खांद्यातून उचलून तिच्या ओल्या केसांवर ठेवला आणि रडली. मीही रडले. शालनवहिनी तेवढी रडली नाही, तिला लग्नघर चालवायचं होतं.

राजाक्का पाटी आवरायला लागली. तिला वाटलं, मान राखला, झालं, आता आपलं इथलं काम संपलं. पुढच्या सणाला बोलावणं येतं की नाही, ते पुढचं पुढं. मलाही तसंच वाटलं. मी तारा गुंडाळत होते.

तेव्हा शालनवहिनी वैजू उठलेल्या जागी येऊन बसली. घोंगडीवर मांडी घातली, जुन्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात राजाक्कापुढं धरला. तिच्या मागं रंगावरून भांडणारी थोरली जाऊ सरकून बसली, तिच्या मागं धाकटी, मग म्हातारी, मग शेजारच्या घरच्या दोघी, भिंतीपर्यंत.

“हात दमलाय माझा,” राजाक्का म्हणाली. “लगेच उठायचा न्हाई.”

“उठू दे निवांत,” शालनवहिनी म्हणाली, आणि पुढं केलेला हात तसाच धरून बसली.